मेची कुठली?

आमच्या देशात जन्मलेल्या शंभर बाळांपैकी नव्व्याण्णवांची नोंद होते, हे वाक्य मी जन्मनोंदणी कचेरीच्या अहवालात दरवर्षी लिहिते. शुक्रवारी दुपारी उरलेलं एक माझ्या टेबलापुढे उभं होतं. नऊ वर्षांची मुलगी, अंगात पायघोळ लाल झगा, बोटं कॉफीच्या चिकाने काळी पडलेली.

तिचं नाव मेची. आई ओलिंदा कार्पिंतेरो, न्गाबे आदिवासींतली. दरवर्षी कॉफीच्या तोडणीला पनामातून इकडे कोस्टा रिकात येणारी. हंगाम संपला होता. शनिवारी सकाळी ट्रक परत निघणार होता, आणि यंदापासून सीमेवर प्रत्येक मुलाचा जन्मदाखला मागत होते. नसला तर मूल आईकडून काढून घेऊन बालगृहात ठेवत. ओलिंदाच्या जावेची मुलगी महिन्यापूर्वी तशी नेली होती. ती अजून परत आली नव्हती.

ओलिंदाने निर्धास्तपणे प्लॅस्टिकची पिशवी उलगडली. आतला कागद तिने नऊ वर्षं जपला होता. शिक्का होता, सही होती. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचलं. ‘नोंद नामंजूर. जन्म परदेशी.’ अक्षर माझं होतं.

मी तिला ते सांगितलं. तिने शिक्क्यावर बोट ठेवून दाखवलं.

नऊ वर्षांपूर्वी मी नोकरीत नवी होते. मळ्यावर टेबल टाकून अर्ज भरत होते. दवाखान्याबाहेरच्या जन्माला साक्षीदार लागतो. सुईण म्हणून ओलिंदाची सासू आली होती. मी विचारलं, पोरगी कुठली? म्हातारी म्हणाली, नदीपलीकडची. नदीपलीकडे पनामा; मी तसं लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.

“सासूबाई खोटं नाही बोलल्या, बाई,” ओलिंदा म्हणाली. “नाळ तिकडे पुरलीय, कोकोच्या झाडाखाली. नाळ जिथली, माणूस तिथलं.”

“मग जन्मली कुठे?”

“इथेच की. मजुरांच्या चाळीत, तिसऱ्या खोलीत, खिडकीखाली. त्याच भिंतीला टेकून तर तुमचं टेबल होतं.”

“तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंच नाही.”

मागे एकदा पनामाच्या कचेरीत मात्र जन्म कुठे झाला, असंच विचारलं होतं. तिने खरं सांगितलं, आणि दाखला इकडेच मिळेल म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं; तिला वाटलं, तो तर आपल्याकडे आहेच.

म्हातारी दोन वर्षांपूर्वी वारली. मेची जन्मली त्या दिवशी नवरा तोडणीवर होता. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. चूक माझी, असं मी लेखी दिलं आणि साहेबांना फोन केला. माझ्या चुकीने साक्षीदार उभा राहत नाही, असं ते म्हणाले. फाइल राजधानीला जाईल, महिना तरी लागेल.

ट्रकवाला फेर्मिन दारात टेकून ऐकत होता. “बाई, कॉफीचा दाणान् दाणा मोजून घेतात इथे,” तो म्हणाला. “पोरं तेवढी अंदाजाने.”

ओलिंदाने त्याला बाहेर घालवलं आणि ती माझ्याजवळ खाली बसली.

“तुमच्या नावावर लावा तिला. तुमची म्हणून लिहा. शाळेत जाईल. मी येईन तेव्हा लांबून बघेन. हाक मारणार नाही.”

मेची आईकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं. माझ्या हातात पेन होतं. मी ते खाली ठेवलं.

शनिवारी ओलिंदाने धाकट्या दोघा मुलांना नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये चढवलं. दोघेही दवाखान्यात जन्मलेले; त्यांचे दाखले तिने नवऱ्याच्या खिशात घालून वर टाचणी लावली. ती स्वतः चढली नाही. धाकटा आईला हाका मारत राहिला, वळणापर्यंत ऐकू येत होतं.

चाळ सोमवारी कुलूपबंद होणार होती. मुकादमाने नळ आधीच तोडला होता. तिसऱ्या खोलीत, खिडकीखाली, मेचीने फरशी झाडून अंथरूण घातलं. मी तिथेच उंबऱ्यावर बसून नवा अर्ज भरला. जन्मस्थान लिहिलं. खाली साक्षीदाराची ओळ होती.

ओलिंदाने आपला अंगठा पुढे केला. आईचा चालत नाही, हे मला तिला सांगावं लागलं.