चार भोकांचा नमदा

मी एक जुना नमदा आहे, मित्रांनो, लोकरीचे जाड अंथरूण, आणि मला चार भोके आहेत. प्रत्येक तळहाताएवढे, कात्रीने नीट कापलेले. सांगता सांगता भोक आले की मला थांबावे लागते. तेवढे चालवून घ्या.

मला कुणी विणले नाही. मेंढ्यांची लोकर काठ्यांनी झोडपली, बोरूच्या चटईवर पसरली, वर उकळते पाणी ओतले, चटईची वळकटी केली आणि सात बायकांनी गुडघ्यांवर बसून ती दिवसभर कोपरांखाली लाटली. तशी लोकर लोकरीत गुंतत जाते. एकदा आत गेलेले मग बाहेर येत नाही. आमची जातच तशी.

नवी सून उम्सिन मधोमध बसली होती.

"अगं उम्सिन, जोर लाव की! नवऱ्यावर रुसतेस तेव्हा कुठून येतो गं जोर?"

"रुसायला तो घरात तरी हवा ना, काकू! सदा घोड्यांच्या मागं."

ते १९३९ साल होते. नवरा नंतर लढाईवर गेला, तो आलाच नाही. मागे उरलो तिघे. उम्सिन, तान्हा मुकाश आणि मी.

*

१९५३. ऑगस्ट. आमच्या गवताळ माळावर गाडीतून मॉस्को सरकारचा एक अधिकारी आला.

"घराबाहेर पडा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. कोरड्या ओहोळात पालथे झोपा आणि अंगावर नमदे घ्या. सराव आहे."

"कशाचा सराव, साहेब?" शेजारच्या इस्काकने विचारले.

"अमेरिकेविरुद्धचा."

"अमेरिका इथं येणार? आमच्या मेंढ्या न्यायला?"

"येऊ नये म्हणूनच तर."

"म्हणजे घाबरायचं त्यांनी आणि उताणं पडायचं आम्ही?"

"उताणं नाही, पालथं," अधिकारी म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

उम्सिन आणि बारा वर्षांचा मुकाश ओहोळात झोपले. त्यांच्यावर मी.

उजेड आला. मी बोटभर जाड आहे, मित्रांनो. ऊन, पाऊस, हिमवादळ, काहीच कधी माझ्या आरपार गेले नव्हते. तो उजेड आरपार गेला. मुकाशने डोळे मिटले होते, तरी त्याला स्वतःच्या बोटांची हाडे दिसली. मग जमीन उचलली गेली. मग आवाज. मग वारा आणि वाऱ्याबरोबर बारीक, कोमट धूळ. ती माझ्यावर बसली आणि आत उतरत गेली.

केस जळाल्याचा वास येत होता. तो माझा होता.

उम्सिन उठली. तिने मुकाशला डोक्यापासून पायापर्यंत चाचपले. मग मला छातीशी धरले.

"यानं वाचवलं," ती म्हणाली. "माझ्या लेकराला यानं वाचवलं."

*

त्या दिवसापासून माझा मान वाढला. दारासमोरच्या भिंतीशी, जिथे पाहुण्याला बसवतात, तिथे मला अंथरू लागले. ताप आलेल्याला माझ्यावर झोपवत. दर हिवाळ्यात मला ताज्या बर्फावर पालथे घालून झोडपत. बर्फ राखाडी व्हायचा. उम्सिन म्हणायची, "झाला बघ स्वच्छ."

दहा वर्षांनी मॉस्कोत करार झाला. मोठ्या देशांनी ठरवले की यापुढे हवेत अणुस्फोट करायचे नाहीत. रेडिओवर टाळ्या वाजल्या. मग स्फोट जमिनीखाली होऊ लागले. मी जमिनीवर अंथरलेला. घरात सगळ्यांच्या आधी ते मला कळत.

मुकाशचे लग्न झाले. सून आली, काम्शात. पहिल्या बाळंतपणाआधी उम्सिनने कात्री घेतली आणि पाळण्याच्या गादीत शिवायला माझा एक तुकडा कापला. ज्याने बापाला वाचवले, तो लेकरालाही वाचवील म्हणून.

भोक.

अकरा दिवस जगला. नावही ठेवले नव्हते.

भोक.

सौले. तिला मान धरता आली नाही.

दर उन्हाळ्यात शहरातून डॉक्टर यायचे. रक्त घ्यायचे, वजन करायचे, वहीत लिहायचे. उम्सिन विचारायची, "काय झालंय आमच्या पोरांना?" ते वही मिटायचे.

भोक.

एर्झान. तीन वर्षांचा होता. माझ्या कडेला धरून उभा राहायला शिकला होता. त्याच्या बोटांची ओढ मला अजून कळते, मित्रांनो. कुणी नसताना.

चौथे भोक राउशानचे. ती जगली. म्हणून सगळ्यांना वाटले, तुकड्याचा उपयोग झाला.

*

१९८९. माळावर अमेरिकी शास्त्रज्ञ आले. पाहुणे म्हणून. जमिनीचे धक्के मोजायला त्यांनी यंत्रे लावली. गावाने त्यांच्यासाठी मेंढी कापली. म्हातारा इस्काक एका चष्मेवाल्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"हाच का तो अमेरिकी? अरे, याला तर मांससुद्धा धड कापता येत नाही! याच्यासाठी पडलो होय आपण पालथे?"



राउशान सेमेय शहरात परिचारिका होती आणि तिला सातवा महिना लागला होता. तिने पाहुण्यांच्या दुभाष्याकडून किरणोत्सर्ग मोजायची पेटी मागून आणली. घरात शिरली तेव्हा उम्सिन पाचवा तुकडा कापायला बसली होती. कात्री माझ्या लोकरीत टेकली होती.

"अपा, थांब जरा," राउशान आजीला म्हणाली.

तिने पेटी भिंतीवर धरली. टिक. टिक. चुलीवर धरली. टिक. माझ्यावर धरली, तर टिकटिक तुटेचना. तव्यावर गारा पडाव्यात तशी.

"बंद कर ते. मांजर भ्यायलं."

"अपा, धूळ आहे यात. त्या दिवसाची."

"छत्तीस वर्षं झोडपतेय मी याला!"

"झोडपून जात नाही ती."

 उम्सिन हळूच बोलली. "तिघांच्या गादीत मीच शिवला हा. या हातांनी."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं, अपा."

"यानंच गेली का ती? एवढं सांग."

राउशान रडू लागली. "माहीत नाही गं. वाऱ्यानं, दुधानं, पाण्यानं... पेटीला तेवढं कळत नाही."

मलाही कळत नाही, मित्रांनो. मी बापाला वाचवले की नाही आणि पोरांना मारले की नाही, हे मला कुणी सांगितलेले नाही. ज्यांच्या वहीत आहे, ते वही मिटून गेले.

उम्सिनने कात्री ठेवली. "जाळलं तर धूर कुणाच्या तरी घरात जाणार. टाकलं तर कुणीतरी उचलणार." ती उठली. "मुकाश, कुदळ घे."

तिने मला स्वतः गुंडाळले. माळावर दूर नेऊन खड्ड्यात ठेवले आणि मूठमूठ माती लोटली. राउशानला जवळ येऊ दिले नाही. पुढे शहरात राउशानला मुलगी झाली. दुकानातून आणलेल्या कापसाच्या गादीवर ती झोपली. हे मला उम्सिनने सांगितले, वर मातीवर बसून. नंतर ती यायची थांबली.

*

आमच्याकडचा वारा माती राहू देत नाही. किती वसंत गेले, मोजले नाहीत. आज माझी एक कड उघडी पडली आहे.

मेंढ्यांमागून कुणी बाई आली आहे. अनोळखी. वाकून तिने मला दोन बोटांत धरून पाहिले.

"अहो, इकडं या! एवढा जाड नमदा कुणी टाकला असेल? भोकं पडलीत चार, पण शिवता येतील. पोरांचा हिवाळा निघेल यावर."

नवरा घोड्यावरून उतरतो आहे. मला बोलता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते. हाक मारा तिला. लवकर मारा, तिने ओढायला सुरुवात केली आहे.