झालरीच्या गादीवरचे सत्त्याण्णव अंश

‘महागाची वस्तू उघडी ठेवायची नाही आणि उघडायची तर मुळीच नाही.’ या घरात हा नियम आहे आणि ‘का?’ विचारायची सोय नाही. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, मिक्सर फुलाफुलांचा झगा घालतो. मग मी गेमिंग लॅपटॉप, माझी कशी सुटका व्हावी?

कारखान्यात मला दोन पंखे मिळाले. पोटाखालच्या जाळीतून गार हवा आत ओढायची आणि मागच्या फटींतून गरम हवा बाहेर सोडायची, एवढंच त्यांचं काम. घरातल्या मुलीने मला साध्या टेबलावर ठेवलं होतं. दोनच दिवसांत आत्याने माझ्या मापाची गादी शिवली. मऊ कापूस आणि मागे लांब झालर.

"टेबल टोचत असेल गं त्याला," आत्या म्हणाली.

मला काहीही टोचत नव्हतं. पण गादीने जाळी बुजली, झालरीने फटी झाकल्या. लाडाने जीव गुदमरणं म्हणजे काय, ते मला विचारा.

मुलगी माझ्यावर स्वतःचा गेम बनवत होती. वर्षभर खपून तो पुरा झाला. एका कंपनीने कळवलं, उद्या सकाळी ऑफिसात येऊन तुमच्या लॅपटॉपवर अर्धा तास चालवून दाखवा, मग नोकरीचं बोलू. तिने सराव म्हणून गेम सुरू केला. माझे पंखे बोंबलायला लागले. प्रोसेसर सत्त्याण्णव अंशांवर गेला, चित्र अडखळलं आणि दहाव्या मिनिटाला मी डोळे मिटले.

"तरी सांगत होतो," बाबा म्हणाले, "गेमने यंत्र बिघडतं. आत्याच्या ऑफिसात जागा आहे, तिथे चिकट."

मुलीने मला उचलून हात लावून पाहिला. मी तव्यासारखा, गादी त्याहून गरम. तिने स्क्रूड्रायव्हर आणला.

"अगं, उघडू नकोस! आम्ही आजवर कशाला हात लावलाय?"

"म्हणूनच आत काय साचलंय ते कुणाला माहीत नाही, बाबा."

पंख्यांतून कापसाची चक्क वात निघाली. ब्रशने धूळ झटकली, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. गादी बाजूला सारून मागच्या कडेखाली लाकडाचे दोन ठोकळे दिले. अहाहा. पोटाखालून वारा गेला आणि मला कारखान्याची आठवण आली.

गेम पुन्हा सुरू झाला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तीस झाली. स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा अठ्ठ्याहत्तरच्या वर जाईना. बाबा चष्मा पुसून पुसून आकडा वाचत होते.

वाचकहो, आमच्यावर माया करायची असेल तर जरा दुरून करा. आम्हाला वारा लागतो.

आत्या मात्र गादी झटकून घेऊन आली. "झालं ना तुझं? आता ठेव यावर."

"नाही आत्या. तो उघडाच राहील. आणि मी उद्या जाणार आहे."

आत्याने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आकड्याकडे. माझे पंखेही आता बोंबलत नव्हते.