आत्याची मशीन

मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून शिंप्याच्या घरात सकाळपासून धावपळ होती. पडदे धुतले, ठेवणीतल्या कपबश्या निघाल्या, आणि नेहमीप्रमाणे शिंपीण नणंदेला म्हणाली, "वन्सं, तुम्ही आपल्या मागच्या खोलीतच बसा हं. उगाच विषय निघायला नको."

वन्सं काजं करायचे सदरे उचलून आत गेल्या.

विषय जुनाच. गावातल्या पहिल्यावहिल्या सौंदर्यस्पर्धेत त्या पहिल्या आल्या होत्या. बक्षीस शिलाई मशीनचं, म्हणून भावानेच आग्रह करून उभं केलं, पोशाखही त्यानेच शिवला. मग टाळ्या वाजवणारेच विचारू लागले, चारचौघांत चालून दाखवणारी मुलगी घरात कोण आणणार? आलेली स्थळं परत फिरली. भावाने ब्रसुद्धा काढला नाही. मशीन पुढच्या खोलीत राहिली, बहीण मागच्या. पुढे गिऱ्हाईकं यायची ना! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, असं म्हणत तो त्याच मशीनवर संसार शिवत राहिला. याला आपल्याकडे अब्रू म्हणतात.

पाहुणे आले. चहा घेता घेता मुलाची आई म्हणाली, "जरा चालून दाखव बघू, बाळ. हां, आता वळ."

शिंप्याने बशी खाली ठेवली. हेच शब्द त्याने स्पर्धेच्या दिवशी मंडपामागे उभं राहून ऐकले होते. तेव्हा निदान टाळ्या तरी पडल्या होत्या.

"वळू नकोस. बस खाली," तो मुलीला म्हणाला आणि उठून त्याने आतलं दार उघडलं. "ही माझी धाकटी बहीण. स्पर्धा जिंकलेली. मीच तिला उभं केलं आणि मीच लपवलं. मुलीला आता कुणापुढे चालवणार नाही."

"अहो, हे आधी सांगायचं होतं," म्हणत पाहुणे उठले. शिंपिणीने कपाळाला हात लावला.

मुलीने आत्याला हाताला धरून बाहेर आणलं. शिंप्याने मशीनपुढचं स्टूल ओढून दिलं. "बस गं. तुझीच आहे."

आत्याने चाकावर हळूच हात ठेवला. "दादा, भिंतीपलीकडून हिचा नुसता आवाज ऐकलाय मी. दोरा कसा घालतात ते दाखव."

शिंप्याने दोरा घेतला. ज्या सुईत तो जन्मभर न बघता दोरा ओवत आला होता, तिचं भोक आज त्याला दिसेना.