बाराव्या दारामागची गाळणी

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे, पण चहाचा एक थेंबही आजवर माझ्यातून गेलेला नाही. मी चित्रातली गाळणी. निळ्या दांड्याची, जाळीला एका बाजूने जराशी चेपलेली.

कॉम्प्युटरवर खेळायची एक मालिका आहे, ‘तेरा दारांचा बंगला’. गेली सोळा वर्षं ती चालू आहे. प्रत्येक भागात बंगल्याचं एक दार उघडतं आणि आत एक गुन्हा घडलेला असतो. मग तुम्ही खोलीखोलीतून हिंडायचं. प्रत्येक खोली सामानाने खच्चून भरलेली. खाली एक यादी असते : कंदील, कात्री, तुटकं चाक, पिसाची टोपी. त्या पसाऱ्यातून एकेक वस्तू शोधून तिच्यावर टिचकी मारायची. सापडली की ‘टिंग’ वाजतं आणि यादीतलं नाव खोडलं जातं. उगाच टिचक्या मारत सुटलात, तर पडद्यावर धुकं पसरतं आणि थोडा वेळ काहीच दिसत नाही.

माझा जन्म पहिल्या भागात झाला, तोही नाइलाजाने. माळ्यावरच्या खोलीत चाळीस वस्तू हव्या होत्या. आमच्या चित्रकार बाईंनी एकोणचाळीस काढल्या आणि पुढे काही सुचेना. टेबलावर त्यांची चहाची गाळणी धुऊन उपडी घातली होती. तीच त्यांनी काढली. या बाईंना सगळं ऑफिस मावशी म्हणतं.

गंमत म्हणजे लोकांना मीच आवडले! भुताटकीच्या बंगल्यात, शवपेटीच्या शेजारी चहाची गाळणी. लोक हसले, पत्रं आली. तेव्हापासून रीतच पडली. प्रत्येक भागाच्या शेवटच्या खोलीत, यादीतलं शेवटचं नाव माझं. त्या खोलीत मदतीचा दिवाही मिळत नाही. इतर खोल्यांत अडलात तर दिवा वस्तू दाखवतो. मला मात्र ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनीच शोधायचं.

आता माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकते. मी महासंशयी आहे. त्यात माझा तरी काय दोष? वाढलेच अशा घरात. पहिल्या भागात माळी गुन्हेगार निघाला, दुसऱ्यात डॉक्टर, आणि तिसऱ्या भागात ज्या आजीबाईंनी सगळ्यांना बिस्किटं वाटली त्याच! त्या दिवसापासून मी बिस्किटं देणाऱ्यांकडेही तिरक्या नजरेनेच बघते.

बाराव्या भागाचं काम चालू असताना ऑफिसात एक नवीन मुलगी आली. हातापायांच्या काड्या आणि बोलणं टोचणारं, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिचं नाव टाचणी पडलं. तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर रामराम.

पहिल्याच आठवड्यात ती पडद्यावर मला बघून म्हणाली, “मावशी, ही गाळणी प्रत्येक भागात कशाला? कंटाळा येतो. काढून टाकूया की.”

मावशी हसल्या. “पहिल्या भागापासून खेळणारी माणसं तुला ओरडतील.”

“ओरडू देत. दोन दिवस ओरडतील आणि विसरतील.”

विसरतील! मित्रांनो, मी तिचं नाव तिथल्या तिथे माझ्या मनातल्या संशयितांच्या यादीत घातलं. अगदी वर.

मग तो मंगळवार उजाडला. टाचणीचा कॉम्प्युटर बंद पडला होता, म्हणून सकाळभर ती मावशींच्या जागेवर बसली. तिला शेवटच्या खोलीतल्या पडद्यांच्या झालरी रंगवायच्या होत्या. दुपारी जेवणानंतर मावशी आपल्या खुर्चीत परतल्या. कोपऱ्यातल्या सावल्या तेवढ्या राहिल्या होत्या.

त्याच दिवशी कधीतरी मला कुणीतरी झाकलं.

काम करताना चित्र इतकं मोठं करतात, की मला समोर फक्त ब्रशचं टोक दिसतं. हात कुणाचा ते कळत नाही. वेळ किती झाली तेही कळत नाही. ते टोक काळोख घेऊन आलं आणि माझ्या दांड्यावरून, जाळीवरून फिरलं. मी संपले नव्हते. रंगाच्या थराखाली होते तशीच होते, पण वरून बघणाऱ्याला नुसती कोपऱ्यातली सावली दिसावी. त्या अंधारात पडल्या पडल्या मी एकच नाव घोकत होते. टाचणी, टाचणी, टाचणी.

तुम्ही विचाराल, खेळ बाहेर जाण्याआधी कुणी तपासला नाही का? तपासला तर! आमचे तपासणारे काका आहेत, त्यांना सगळे घार म्हणतात. कितीही बारीक चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण प्रत्येक वस्तूभोवती एक न दिसणारी चौकट असते. टिचकी खरी लागते ती त्या चौकटीला. चित्र दिसो वा न दिसो, चौकट आपलं काम करते. घारकाकांनी ती खोली तोवर पन्नास वेळा खेळलेली. हात आपोआप कोपऱ्यात गेला, ‘टिंग’ वाजलं, माझं नाव खोडलं गेलं. काकांनी “ठीक आहे” असा शेरा मारला आणि डबा उघडला.

खेळ बाहेर पडला. आठवडा गेला आणि पत्रं यायला लागली. एक पत्र ऑफिसच्या मालकांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

“मी आणि माझी सहा वर्षांची लेक मिळून तुमचा खेळ खेळतो. धाकटा झोपला की आम्हा दोघींना वीस मिनिटं मिळतात. दिवसभरातली तेवढीच तिची आणि माझी. गेले चार दिवस ती वीस मिनिटं आम्ही गाळणी शोधण्यात घालवतोय. काल लेक म्हणाली, ज्याने लपवली त्यानेच घरी नेली असणार. आणि मग रडली. म्हणाली, आपल्याला येतच नाही. तिला काय सांगू?”

अशी दोनशेच्या वर पत्रं होती.

मालकांनी फाईल तपासली. “खेळ बाहेर जायच्या आधी, मंगळवारी बदल झालाय. मावशींच्या कॉम्प्युटरवरून. मावशी?”

“सावल्या मी केल्या,” मावशी म्हणाल्या. “पण गाळणीला मी कशाला हात लावू? माझं पोर आहे ते.”

मालक टाचणीकडे वळले. “सकाळी तिथे तू होतीस.”

“मी झालरी रंगवल्या. बाकी कशाला हात नाही लावला.”

“गाळणी काढून टाका, असं कोण म्हणालं होतं?”

“म्हणाले होते. म्हणजे काढली असं होतं का?”

“दोनशे लोकांनी आमची लाज काढलीये!” मालकांचा आवाज चढला. “शुक्रवारपर्यंत खरं काय ते सांग. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस.”

टाचणीने मावशींकडे बघितलं. मावशींनी मान फिरवली आणि हळूच म्हणाल्या, “अगं, आवडत नव्हती तर मला सांगायचं होतंस. मीच काढली असती.”

त्या वाक्याने टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकांच्या ओरडण्याने आलं नव्हतं. आणि मी? थराखाली पडून मी खूश होत होते. बरी सापडली!

तीन दिवस तिच्याशी कुणी धड बोललं नाही. चहाला हाक मारली नाही. ती खाली मान घालून तेराव्या दाराची कडी रंगवत बसायची, तीच ती कडी, पुन्हा पुन्हा.

शुक्रवारी दुपारी मालक म्हणाले, “आधी चूक दुरुस्त करून लोकांना पाठवूया. मग हिचं बघू.” मावशी कॉम्प्युटरसमोर बसल्या. मागे मालक, घारकाका आणि भिंतीला टेकून टाचणी. मावशींनी सावलीचा थर उचलला आणि झळझळीत उजेडात मी पुन्हा सगळ्यांसमोर आले.

“ही बघा, आहे की जागेवर,” घारकाका म्हणाले.

“नुसती अशी ठेवली तर चिकटवल्यासारखी वाटेल,” मावशी म्हणाल्या. “सावली हवी. हलकीच देते.”

त्यांनी आधी ओढणीच्या टोकाने पडदा पुसला. हल्ली त्या सारखा पुसायच्या. मग ब्रश घेतला. ते टोक माझ्याकडे आलं. तसंच, त्याच बाजूने, तोच काळोख घेऊन. दांड्यावरून फिरलं, जाळीवरून फिरलं. मी पार नाहीशी झाले.

मावशी मागे रेलल्या. “झालं. आता बघा कशी छान दिसतेय.”

मालक आणि घारकाका पडद्याजवळ वाकले.

“काय झालं? दिसतेय ना?”

घारकाकांनी घसा खाकरला. “मावशी... कुठे दिसतेय?”

“कुठे म्हणजे? ही काय!” मावशींनी बरोबर माझ्यावर बोट ठेवलं. त्या बोटाखाली नुसता अंधार होता. मला त्यांनीच तिथे ठेवलं होतं, मी कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून मी त्यांना दिसत होते.

मालक काही बोलणार, तेवढ्यात टाचणी पुढे आली. मला वाटलं, आता ही सगळ्यांना चांगली टोचणार. टोचायचा हक्कच होता तिला. पण ती मावशींच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि आपली पिशवी वर धरून म्हणाली, “मावशी, ही कुठल्या रंगाची?”

“काळी.”

पिशवी निळी होती. अगदी माझ्या दांड्यासारखी निळी.

मावशींनी पिशवी हातात घेतली. खिडकीपाशी नेली, उलटीपालटी केली, परत आणली. “मला वाटायचं पडदाच मळलाय,” त्या म्हणाल्या. “वर्षभर मी पडदाच पुसतेय.” मग, कुणाकडेही न बघता, “म्हणजे ते मी केलं. दोन्ही वेळेला मीच.”

“आणि मी न बघताच टिचकी मारली,” घारकाका म्हणाले. “मला घार म्हणता ना? कशाची घार!”

मालकांनी कपाळावरून हात फिरवला. “बरं बरं, झालं ते झालं. टाचणी, तू सोमवारी ये.”

“येणार नाही.”

“आता काय झालं?”

“सगळ्यांसमोर चोर ठरवलंत. सगळ्यांसमोरच माफी मागा. मग येते.” तिने पिशवी खांद्याला लावली आणि दारात जाऊन उभी राहिली.

मालकांचे कान लाल झाले. मला वाटलं, गेली हिची नोकरी. पण ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. “चुकलं माझं. विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं मी.” मावशींनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या त्या काडीसारख्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. घारकाकांनी स्वतः चहा करून आणला. त्यात साखर घालायची राहिली होती, पण सगळे प्यायले.

पुढचं थोडक्यात सांगते. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. तोवर टाचणीने माझ्यावरची सावली नीट केली, आणि खेळ दुरुस्त होऊन लोकांकडे गेला. मावशी परत आल्या तेव्हा अकरावा आणि बारावा भाग उघडून बघतात तो काय, किंचाळल्याच. “अगंबाई! हा बंगला कुणी रंगवला? ही भिंत आहे की सर्कशीचा तंबू?”

“तुम्हीच रंगवलात, मावशी,” टाचणी म्हणाली.

“आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?”

“आम्हाला वाटलं, मोठ्या चित्रकाराचं असंच असतं.”

पत्र पाठवणाऱ्या त्या आईचंही उत्तर आलं. लेकीला मी सापडले. ती तीन दिवस सगळ्यांना सांगत हिंडत होती, की ‘गाळणी आधी तिथे नव्हतीच, चूक माझी नव्हतीच.’

आता टाचणी कायमची झाली आहे. तिला मी अजूनही आवडत नाही. तेराव्या भागात मला ठेवताना तोंड वाकडं करून म्हणाली, “चल बाई, बस इथे.” पण ठेवलं अशा ठिकाणी, की नीट बघणाऱ्याला मी सापडणारच. आणि त्यानंतर तिने, ज्यांनी ती खोली पाहिली नव्हती अशा तीन माणसांना बोलावून मला शोधायला लावलं, कारण आपल्याला जागा माहीत आहे म्हणजे आपलं दिसणं खरं नव्हे, असं ती म्हणते.

मित्रांनो, तुमच्या घरात वडीलधारं कुणी सारखा चष्मा पुसत असेल, दिवा लावलेला असताना दिवा लावा म्हणत असेल, तर त्याला हसू नका. हात धरून डॉक्टरकडे न्या. एवढं माझ्यासाठी करा.

आणखी एक आहे. ते सांगायला जड जातं. त्या अंधारात इतके दिवस मी एका निरपराध मुलीचं नाव घोकलं. ती रडली तेव्हा मला बरं वाटलं. मालकांनी माफी मागितली, मावशींनी रडून मागितली, घारकाकांनी चहातून मागितली. मी राहिले. रोज ती माझ्यासमोर बसते, माझी जाळी न्याहाळते, मी ठीक दिसते ना ते बघते, आणि मला एक शब्दही बोलता येत नाही. चित्राला कुठलं तोंड?

तुम्हाला आहे. शाळेत कुणाचं पेन हरवलं असेल, आणि तुम्ही मनातल्या मनात कुणाचं नाव पक्कं करून टाकलं असेल, आणि ते चुकीचं निघालं असेल, तर उद्या त्याच्यापाशी जा. सगळे असतील तेव्हा जा. आणि म्हणा, ‘चुकलं माझं.’