टेपखालची बोटं

वस्तीवरच्या दवाखान्यातल्या सिस्टरने वर्षभरात चारशे बारा कंबरा मोजल्या होत्या आणि त्यातली एकही धड मोजलेली नाही, असं ऐकून घ्यायची पाळी आज तिच्यावर आली होती.

"तुमच्या यादीतले तीस जण आम्ही पुन्हा मोजले," शहरातून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिसांच्या तिसांत तुमचा आकडा मोठा. तुमची वही अहवालात घेता येणार नाही, सिस्टर."

"मॅडम, अहवाल कधी जाणार?"

"उद्या."

सिस्टरने वही उचलून घेतली. नियम असा होता, की उंचीच्या मानाने वजन जास्त असेल त्याचीच साखर तपासायची. पण या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली तिची माणसं मुळातच किरकोळ अंगाची. हातपाय काटक्यांसारखे, आणि चाळिशीनंतर मधेच एक पोट. तक्त्यात सगळे 'ठीक'. पोस्टमनला तर अख्खी वस्ती काडीच म्हणायची. तो सहा वर्षं 'ठीक' होता. सातव्या वर्षी पायाची जखम भरेना, तेव्हा कळलं की साखर तीनशेच्या वर गेलीय. त्या दिवसापासून सिस्टर येईल त्याची कंबर मोजू लागली आणि शिल्लक स्ट्रिप्सवर साखर तपासू लागली. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त, की तिथे हमखास काहीतरी सापडायचं. हे अहवालात गेलं तर वस्तीपुरता नियम बदलणार होता. नाही गेलं, तर पुढच्या काडीचा पाय जाणार होता.

तिने टेप उंची मोजायच्या लोखंडी पट्टीला लावून पाहिला. तसूभरही ताणलेला नव्हता. मग चूक कुणाची? टेप खिशात कोंबून ती तडक मावशीकडे गेली. मावशी शिलाई करायची; सिस्टरला लहानाची मोठी तिनेच केलं होतं.

"मावशी, ऊठ. कंबर मोजू दे."

"का गं, माझं लग्न जमवलंस की काय?" मावशी मशीनवरून उठली. "नवरा शिकलेला बघ. हिशेबाला मी कच्ची आहे."

"हलू नकोस. श्वास सोड."

मावशीने मान खाली घालून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "शाब्बास! एवढी शिकलीस तरी हात माझाच राहिला."

"म्हणजे?"

"म्हणजे बोटं. टेपखाली दोन बोटं घातलीस ना? जेवल्यावर माणसाला श्वास घेता यायला नको? दोन बोटं म्हणजे एक इंच ढील. दहा वर्षांची होतीस तेव्हा शिकवलंय तुला."

सिस्टरने खाली पाहिलं. टेपखाली तिचीच दोन बोटं आरामात बसली होती. तिने ती हळूच ओढून काढली, टेप अंगाला टेकवला आणि आकडा वाचला. बरोबर अडीच सेंटिमीटर कमी.

"मावशी, चुकले मी!" ती ओरडलीच. "सगळ्यांच्या मापात चुकले! पण सगळ्यांत सारखीच चुकले!"

"बाई गं, चुकलीस तर नाचतेस कशाला?"

"एकाच्या मापात एक इंच आणि दुसऱ्याच्या पाच चुकले असते तर वही चुलीत घालावी लागली असती. हे तुझ्या ब्लाउजसारखं आहे. सगळेच एक इंच ढिले झाले, तर प्रत्येक बाईला नवा शिवायचा का? एक इंच आत टीप मारायची!"

"माझे ब्लाउज ढिले होत नाहीत," मावशी फणकारली, पण तोवर भाची फाटकाबाहेर होती.

डॉक्टरीणबाई गाडीत खोकी ठेवून घेत होत्या. धापा टाकत सिस्टरने बोटांची गोष्ट सांगितली. बाईंनी खोकं खाली ठेवलं आणि बॉनेटवरच दोन्ही याद्या पसरल्या. "वजाबाकी सांगा."

"अडीच. दोन पूर्णांक चार. अडीच. दोन पूर्णांक सहा. अडीच..."

विसाव्या नावाला बाई मधेच ओरडल्या. "अगं, ही तर दगडावरची रेघ आहे! थांब, सगळ्यांतून अडीच वजा कर."

सिस्टर वजाबाकी मांडू लागली. वजाबाकीनंतर माणसं उंचीच्या निम्म्याच्या रेघेखाली गेली तर? काही गेलीच. साखर असलेली चार माणसं निसटली, आणि तिने त्यांची नावं वेगळी, ठळक लिहून ठेवली. काडी वरच राहिला. साखर सापडलेले एकूण एकाहत्तर. त्यातले वजनाच्या तक्त्याने पकडले असते एकोणीस. कंबरेने पकडले अठ्ठावन्न.

दोघींनी बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा अठ्ठावन्न.

"अहवाल दोन दिवस थांबवते," बाई म्हणाल्या. "बोटांसकट सगळं लिहू, लपवायचं काही नाही. पण उरलेले रेघेच्या वरचे किती? स्ट्रिप्स संपल्या म्हणून तपासायचे राहिलेले?"

"त्रेपन्न."

"गाडीत दोनशे स्ट्रिप्स आहेत. उद्या सकाळी सगळे उपाशीपोटी हवेत मला."

सिस्टर उतारावरून जवळजवळ पळतच निघाली. पहिल्याच दारात सुतार रंधा मारत बसला होता. उघडी पाठ, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या, आणि मांडीवर टेकलेलं पोट.

"दादा, उद्या सकाळी काही न खाता दवाखान्यात या."

"मी?" सुतार हसला. "तूच सांगितलंस ना, माझं वजन ठीक आहे म्हणून?"

"सांगितलं होतं," सिस्टर म्हणाली. "चुकलं माझं. या."

आणि ती पुढच्या दाराकडे वळलीसुद्धा.