शीतगृहाचं दार

आमच्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीची पानं मोजलेली असतात. दोनशे पानं, प्रत्येकावर आकडा, मधून ओवलेला दोरा, दोऱ्याच्या गाठीवर चिकटवलेला कागद आणि त्या कागदावर शिक्का आणि डायरेक्टरची सही. एक पान जरी काढायचं म्हटलं तरी गाठ सोडावी लागते. त्यात रोजच्या दुधाची आम्लता, चरबी आणि तापमान उतरतं. प्रत्येक ओळीपुढे दोन सह्या लागतात, एक तपासणारीची आणि एक पडताळणारीची. तपासणारी मी, नेव्याना. पडताळणारी गिंका. एकोणीस वर्षं हेच चालू आहे.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. एरवी तो रिकामाच असतो. मार्चच्या अकरा तारखेला मी तिथे लिहिलं: 'शीतगृहाचं दार बाहेरून बंद. १०.४० ते १०.५१. आत एक व्यक्ती. ३ अंश.'

ती व्यक्ती मी होते. दार लावणारा दिमितर मांदोव, आमच्या डेअरीचा डायरेक्टर. आदल्या दिवशी मी एका टँकरचं आंबलेलं दूध परत पाठवलं होतं आणि तो टँकर त्याच्या मेहुण्याचा होता. मी नमुने आणायला शीतगृहात गेले तेव्हा तो मागोमाग आला. "डोकं फार तापलंय तुझं, शास्त्रीणबाई. जरा थंड हो," म्हणाला आणि त्याने कडी सरकवली. आतून दार उघडायचा खटका दोन वर्षांपासून मोडलेला आहे. मी तीनदा लेखी कळवलं होतं. अंगात पातळ ॲप्रन होता. मी घड्याळ बघत उभी राहिले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दार गिंकाने उघडलं. तिने माझे हात आपल्या काखेत धरले. दुपारी मी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. तिने शेरा वाचला, बाहेर जाऊन शीतगृहाचा तापमापक बघून आली आणि सही केली.

"तीन अंश बरोबर आहे," एवढंच म्हणाली.

मांदोवचं ओरडणं आम्हाला सवयीचं होतं. तो सगळ्यांसमोर मला म्हातारी कोंबडी म्हणायचा, काचेची भांडी ओट्यावरून खाली लोटायचा आणि फुटली की माझ्या नावावर टाकायचा. अशा फुटलेल्या भांड्यांवरून मला दोन लेखी ताकिदी मिळाल्या होत्या, दुसरी सप्टेंबरात. तिसरी मिळाली की नोकरी संपणार आणि कामाच्या पुस्तकात 'शिस्तभंग' असा शेरा कायमचा बसणार. माझ्या पेन्शनला दोन वर्षं पाच महिने बाकी होते. आमच्या गावात डेअरी एकच आहे.

म्हणून मी तक्रार-अर्ज लिहिला. दीड पान. तारखा, वेळा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. साक्षीदार म्हणून गिंकाचं नाव, तिला विचारून. नोंदवहीचा उल्लेख मात्र केला नाही. शेऱ्याच्या रकान्यात दुधाबाहेरचं काही लिहिणं हाच नियमभंग. तो उल्लेख म्हणजे तिसरी ताकीद मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं.

पण आमच्याकडे आवक क्रमांक पडेपर्यंत कुठलाही कागद कागद नसतो. क्रमांक पडला की तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि नाही दिलं तर तीच प्रत घेऊन कामगार निरीक्षकाकडे जाता येतं. आवक-जावकचं रजिस्टर डायरेक्टरच्या केबिनबाहेर, रुम्यानाच्या टेबलावर असतं. रुम्याना त्याची सेक्रेटरी. पाच आठवडे मी तिच्याकडे जात होते.

"अगं, रजिस्टर आत आहे, साहेबांकडे."

"आज शिक्क्याची शाई वाळलीय."

शेवटी ती मला जवळ ओढून म्हणाली, "नेव्याना, तुला खरंच वाटतं का मी यावर आकडा घालीन? मला दोन मुली आहेत गं."

मग ऑक्टोबरात सेंट दिमितरचा दिवस आला. त्या नावाच्या माणसाकडे त्या दिवशी कुणी बोलावत नाही, आपणच जायचं असतं. आलेल्याला परत पाठवायचं नसतं आणि त्याच्या हातून आलेलं नाकारायचं नसतं. मांदोवही दिमितरच, त्याच्या केबिनचं दार दरवर्षी या दिवशी सकाळपासून उघडं असतं. सगळे जातात. न जाणारा लक्षात राहतो.

"तू तिथे तो अर्ज घेऊन जाणार?" गिंकाने विचारलं.

"चॉकलेटचा डबा पण घेतलाय."

"वेडी आहेस तू." मग माझ्या कॉलरवरचा दोरा काढत म्हणाली, "साव्वा आज तिकडेच आहे. त्याच्याशी बोलू नकोस फार. तो घाबरट आहे."

साव्वा म्हणजे तिचा नवरा. आमच्याच डेअरीचा टँकर चालवतो.

केबिनमध्ये नगराध्यक्ष, पशुवैद्यक, पोलिसांचा कुणीतरी आणि दाराशी टोपी हातात धरून साव्वा. टेबलावर चीज भरलेली बानित्सा, लोणच्यातल्या मिरच्या, राकिया दारूचे छोटे पेले. मांदोव लाल झाला होता आणि खुशीत होता.

"नाव लाभो, साहेब," मी म्हटलं.

"आली! आमची शास्त्रीणबाई आली! हिला एक पेला द्या, हिची आम्लता वाढलीय!" सगळे हसले. नगराध्यक्ष जरा उशिरा हसले.

मी डबा दिला. तो त्याने घेतला. मग अर्जाच्या दोन प्रती रुम्यानाच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हेही साहेबांसाठी आणलंय. फक्त आवक क्रमांक हवाय."

रुम्यानाने नवा निळा ब्लाउज घातला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो नगराध्यक्षांकडे बघत होता.

"घाल की," तो म्हणाला. "आज कुणाला नाही म्हणायचं नसतं."

शिक्का दोनदा पडला. २१८. माझ्या प्रतीवरची शाई ओली होती, म्हणून मी ती घडी न घालता धरून राहिले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी कुठेतरी पोहोचले.

त्याने अर्ज तिथेच वाचला. दीड पान वाचायला लागतो तेवढा वेळ. मग खिशातलं पेन काढलं आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे वरिष्ठ आपला हुकूम लिहितात, तिथे एक ओळ लिहिली. लिहिताना मोठ्याने वाचत होता. "चौकशी... गिंका पेत्कोवा... तीन दिवसांत अहवाल." मग नगराध्यक्षांना म्हणाला, "बघा, माझ्याविरुद्धची तक्रार आणि चौकशीला हिचीच मैत्रीण देतोय. याहून जास्त न्याय राजधानीत, सोफियात तरी मिळेल का?"

"मोठं मन," पशुवैद्यक म्हणाला.

मांदोवने दाराशी उभ्या असलेल्या साव्वाचा पेला भरला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच होता.

तिसऱ्या दिवशी गिंका प्रयोगशाळेत आली. मी आम्लता तपासत होते. गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब मोजायचे असतात, त्यामुळे मी वर बघितलं नाही. तिने कागद ओट्यावर ठेवला.

"वाच."

मी थेंब पूर्ण केले, आकडा लिहिला आणि मग वाचलं. दार वाऱ्याने लागलं असावं. अपशब्द कुणी ऐकले नाहीत. तक्रारीत तथ्य आढळलं नाही. खाली तिची सही होती, नोंदवहीत असते तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

"शीतगृहात वारा," मी म्हटलं.

"मला माहीत आहे गं."

"त्या दाराचं वजन नव्वद किलो आहे, गिंके."

"माहीत आहे!" ती ओरडली आणि लगेच दाराकडे बघून आवाज खाली आणला. "त्याने साव्वाकडून टँकरच्या किल्ल्या काढून घेतल्या. काल. म्हणाला, अहवाल आला की परत देईन. तुझी तिसरी ताकीद पण टाइप करून ठेवलीय, खोट्या आरोपाबद्दल. मी बघितली. या अहवालाखाली 'वाचलं, मान्य आहे' असं लिहून सही केलीस तर ती ताकीद खणातच राहील."

मी हात धुतले. साबण लावला, पुन्हा धुतले. नोंदवही कपाटात होती, मार्चचं पान त्यात होतं, आणि त्या पानावर तिची सही होती. ती वही घेऊन मी निरीक्षकाकडे गेले असते तर मांदोव अडकला असता. त्याच्याआधी मी अडकले असते. आणि गिंकाचा अहवाल खोटा ठरवायला तिचीच सही पुरली असती.

तिलाही ते ठाऊक होतं. ती कपाटाकडे बघत होती.

"किती वर्षं ठेवतात त्या?" तिने विचारलं.

"पाच."

"दाखवणार आहेस?"

मी पेन घेतलं. 'वाचलं, मान्य आहे.' खाली सही केली, तारीख घातली, सवयीने वेळही लिहिली. १४.२०. गिंकाने कागद उचलला, पण ती गेली नाही.

भिंतीवरचा फोन वाजला. मांदोव होता. "शास्त्रीणबाई, तीन नंबरच्या टाकीचे नमुने कुठायत? शीतगृहात पडलेत ना? जा, घेऊन ये. का भीती वाटते?"

"आणते, साहेब."

नमुन्यांची जाळी उचलून मी निघाले. लांब ओला कॉरिडॉर, टोकाला ते दार. मागे रबरी बुटांचा आवाज येत होता. मी कडी काढली आणि दार ओढलं. गिंकाने अहवाल ॲप्रनच्या खिशात कोंबला आणि उजवा पाय चौकटीत ठेवला, दार आणि भिंत यांच्या मधोमध.

"जा," ती म्हणाली. "मी आहे इथे."

आतला दिवा लागायला थोडा वेळ घेतो. मी वाट बघितली. मग आत गेले आणि बाटल्या मोजू लागले.