खिळा ठोकलेली पाच यंत्रं

एका तांब्याच्या खिळ्यामागे खिळेबाबाला काय सुटत होतं, तेवढं आधी पाहून घेऊ. खर्चाच्या बाजूला एक खिळा, हातोडीचे तीन घाव आणि बेंबीच्या देठापासून काढलेला एक हुंकार. जमेच्या बाजूला एक जाडसर पाकीट, मालकाच्या केबिनमधली गादीची खुर्ची आणि शंभरेक झुकलेल्या माना. फोरमनला सुटत होती वरच्यांची शाबासकी. मालकाचा फायदा सगळ्यांत मोठा होता. पत्रा दाबून कापणाऱ्या चोवीस प्रेसना दोन-दोन बटणं बसवा, ही कामगारांची मागणी होती. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय यंत्र खाली येणारच नाही, अशी ती सोय. खिळ्याने भागत असेल तर बटणं कशाला? तिघांच्याही पदरात काही ना काही पडत होतं. चौथ्याच्या पदरातून काय जातंय, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

खिळे ठोकायच्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही पाळ्यांची माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून उभी होती. प्रेस बंद होते. एरवी त्या धाडधाड आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आज बाबाच्या चपलांची करकर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होती.

"लोखंडाला रक्ताची चटक लागते, बाळांनो!" बाबा म्हणाला. "एकदा चाखलं की परत मागतं. पण मला बरं चाललेलं यंत्र दाखवू नका. मी काय हौसेला आलोय? ज्याचं पाप भरलंय तेच दाखवा!"

आणि पाप भरलेली यंत्रं कुठली, हे शोधायला फोरमनने वही मागितली ती पट्टीताईची.

पट्टीताई म्हणजे कारखान्याची परिचारिका. शेडच्या कोपऱ्यात पडदा लावलेली तिची खोली. त्यात एक खाट, एक कपाट, एक वही. बारा वर्षं ती त्या वहीत लिहीत होती: तारीख, यंत्राचा नंबर, काय चेचलं, किती टाके. ती वही आजवर कुणी वाचायला मागितली नव्हती. फोरमनने मागच्या तीन महिन्यांची पानं चाळून सगळ्यांत जास्त जखमांची पाच यंत्रं काढली. पाचांवर मिळून चौदा. त्यांत चार नंबरचा प्रेस होता, आणि चार नंबरवर पट्टीताईची धाकटी बहीण बसत होती.

तीन घाव, एक हुंकार. पाच यंत्रांच्या लाकडी पायथ्यांत पाच खिळे गेले.

पुढच्या तीन महिन्यांत त्या पाच यंत्रांवर जखमा झाल्या चार.

चौदाच्या चार! शेडमध्ये दुसरा विषय उरला नाही. खरं सांगायचं तर पट्टीताईलाही हायसं वाटलं होतं. दिवसभर तिचे कान प्रेसच्या आवाजाला बांधलेले असायचे. चोवीस यंत्रांच्या ठेक्यातला एक ठोका चुकला, की ती कापूस हातात घेऊन उभी राहायची. त्या तीन महिन्यांत चार नंबरचा ठोका एकदाच चुकला, तोही पट्टा तुटला म्हणून. एका दुपारी शेड रिकामी असताना तिने चार नंबरच्या खिळ्याला बोट लावलं होतं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

मग फोरमनच्या डोक्यात आलं, की ज्या यंत्राचे दातच पाडलेत त्याला मुसकी कशाला? खिळेवाल्या पाचही प्रेसच्या पुढच्या जाळ्या त्याने काढून टाकल्या. जाळी नसली की पत्रा झटकन आत सरकवता येतो, माल वाढतो.

"दिवसाला तीनशे नग जास्त, ताई!" धाकटी त्या संध्याकाळी मोरीपाशी भांडी विसळत म्हणाली.

"जाळी लावून घे. माझं ऐक."

"खिळा आहे ना?"

"खिळा पायथ्याला आहे गं. हात तुझे वरून पडणाऱ्या डायखाली जातात."

"तू ना, वाईटच बघायचं ठरवलंयस. रोज जखमा धुऊन धुऊन तुझी नजरच तशी झालीय." धाकटीने ओला हात तिच्यासमोर नाचवला. "हे बघ, पाच आहेत. मोज."

पट्टीताईने मोजली. ती रोजच मोजत होती.

आठव्या दिवशी ठोका चुकला. पट्टीताई पडदा बाजूला सारून धावली तेव्हा तिला पाय असल्याची शुद्ध नव्हती. चार नंबर चालू होता. धाकटी पाठमोरी उभी होती. बंद पडला होता नऊ नंबर, तोही खिळेवाला. नऊ नंबरवरचा कामगार इतका कमी बोलायचा की सगळे त्याला मौनी म्हणायचे. तो डावा हात छातीशी धरून स्टुलावर बसला होता, आणि तेव्हाही काही बोलत नव्हता. त्याची दोन बोटं डायखाली राहिली होती.

पट्टीताईला क्षणभर वाटलं, बरं झालं, आपली नाही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पट्टी बांधताना तिने मौनीकडे मान वर करून बघितलं नाही.

बाबाला निरोप गेला. बाबा आला, नऊ नंबरभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "हा माणूस खिळ्याकडे बघून थुंकला असणार. यंत्र निष्पाप आहे."

झालं! अपघात गेला मौनीच्या खात्यावर, खिळ्याचा हिशेब स्वच्छ राहिला. मालकाने जाहीर केलं की बटणांची मागणी रद्द; शुक्रवारी कँटीनमध्ये सभा, बाबांचा सत्कार, आणि आणखी पाच यंत्रांना खिळे.

याच आठवड्यात मोजणीबाई आली. कामगार विम्याच्या कार्यालयातली ही पन्नाशीची बाई. बॅगेत कागद, कानामागे पेन्सिल. त्यांच्या कार्यालयाने वर्षापूर्वी सुरक्षिततेची एक दिवसाची शिकवणी घेतली होती, पडद्यावर सिनेमा दाखवून. त्या शिकवणीने बोटं वाचली का, ते तपासायला ती गावोगावचे कारखाने फिरत होती.

"वाचली का?" पट्टीताईने विचारलं.

"नाही," मोजणीबाई म्हणाली, जणू पाऊस पडला नाही म्हणून सांगावं. "आम्हाला आधी वाटलं वाचली. शिकवणी दिली होती सगळ्यांत वाईट कारखान्यांना. पुढल्या वर्षी तिथल्या जखमा उतरल्या. साहेबांनी पेढे वाटायचंच बाकी ठेवलं होतं. मग मी ज्यांना शिकवणी दिलीच नव्हती, पण जे तितकेच वाईट होते, त्यांचे आकडे काढले. तेही उतरले होते. तेवढेच."

पट्टीताईच्या हातातली कात्री थांबली. "तेवढेच?"

"एखादी तिमाही वाईट जाते, बाई. थोडं यंत्र, थोडी झोप, थोडं नशीब, सगळं एकदम उलटं पडतं. पुढच्या खेपेला सगळंच परत उलटं पडत नाही. पूर ओसरायच्या वेळी काठावर काठी आपटली की वाटतं काठीनेच पाणी हटलं. तुमच्याकडे काही जुन्या नोंदी आहेत?"

पट्टीताईने वही पुढे केली. मोजणीबाईने पहिलं पान उघडलं, मग दुसरं, आणि खाली बसली. "बारा वर्षं? यंत्राच्या नंबरासकट?" भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तशी ती वहीकडे बघत होती.

दोघी दोन संध्याकाळी बसल्या. दर तिमाहीची सगळ्यांत वाईट पाच यंत्रं काढायची आणि पुढच्या तिमाहीत त्याच पाचांचं काय झालं ते बघायचं. बाबाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाची पानं. तेराच्या पाच. पंधराच्या पाच. बाराच्या चार. पानामागून पान. पट्टीताईला कळून चुकलं, खिळ्याने काहीच केलं नव्हतं. खिळ्याचं बळ जाऊन भलतीच भीती तिथे येऊन बसली: चार नंबरच्या आणि धाकटीच्या हातांच्या मध्ये आता काहीच नव्हतं.

"हे शुक्रवारी तुम्हीच सांगा," मोजणीबाई म्हणाली.

"मी? नोकरी जाईल माझी."

"मी परकी आहे. माझे आकडे त्यांना कळणार नाहीत. तुमच्या पट्ट्या त्यांनी बांधून घेतल्यात."

शुक्रवारी कँटीनमध्ये बाबा मधोमध, मालक उजवीकडे, फोरमन डावीकडे. सत्काराचं भाषण सुरू होणार इतक्यात पट्टीताई उठली. "आधी एक खेळ खेळायचाय. पाच मिनिटं."

मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण खेळ म्हटल्यावर माणसं सरसावली होती. जेवणाच्या सुट्टीत कामगार खेळायचे तो फासा मोजणीबाईने मागून आणलाच होता. चोवीस प्रेसचे चोवीस कामगार ओळीने आले. ज्याला जितके पडतील तितक्या त्याच्या यंत्राच्या जखमा. पाच किंवा सहा पडलेले आठ जण निघाले. मौनीला सहा पडले. त्याने फासा उजव्या हाताने टाकला. डावा गळ्यात अडकवला होता.

"ही पाप भरलेली यंत्रं," पट्टीताई म्हणाली. "बाबा, ठोका खिळा."

बाबा हसला. पोराचा हट्ट पुरवावा तसा हातोडी घेऊन टेबलाच्या कडेवर त्याने एक खिळा ठोकला. हुंकारही दिला.

आठांनी फासा परत टाकला. पाच-सहा पडले फक्त तिघांना. मौनीला दोन.

"पाच जण सुधारले!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

"बघा!" बाबा म्हणाला. "फाश्यालासुद्धा कळतं!"

"कळतं ना," मोजणीबाई पहिल्यांदाच बोलली. "मग ज्यांना पहिल्या खेपेला एक-दोन पडले होते, त्यांनीही टाका बरं."

ते सात जण होते. त्यातल्या पाचांचा आकडा वाढला.

"अगंबाई," ती म्हणाली, "यांना कुणाची दृष्ट लागली? यांना तर कुणी हातही लावला नव्हता."

हसू फुटलं, पण लगेच विझलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती. पट्टीताईने वही उघडली. तिला वाचताना अक्षरं हलताना दिसत होती, म्हणून तिने बोट ठेवून वाचलं. तेराच्या पाच. पंधराच्या पाच. बाराच्या चार. "तेव्हा बाबा नव्हते. खिळा नव्हता. आणि सगळ्या शेडच्या जखमा बघा. खिळ्यांच्या आधीच्या तीन महिन्यांत पंचवीस. नंतरच्या तीन महिन्यांत चोवीस. या पाच यंत्रांच्या उतरल्या, बाकीच्यांच्या चढल्या. यांनी मधली, ना फार ना कमी जखमांची यंत्रं का घेतली नाहीत, विचारा. मधल्याला खिळा ठोकला असता तर ते तसंच राहिलं असतं, नाहीतर वर गेलं असतं. बाबांना ओहोटी बघून समुद्रात उतरायचं चांगलं कळतं."

"श्रद्धेची थट्टा!" बाबा गरजला. "खिळ्याचा अपमान केलेल्याचं काय झालं, सगळ्यांनी पाहिलंय!"

तेव्हा मौनी उभा राहिला.

"मी थुंकलो नव्हतो," तो म्हणाला. "जाळी नव्हती."

एवढंच बोलून तो खाली बसला.

मालकाने सवयीने विचारलं, "मग ती बटणं तरी चालतात, हे कशावरून? तोही तुमचा खिळाच कशावरून नाही?"

"चांगलं विचारलंत," मोजणीबाई म्हणाली. "बाबांनाही हेच विचारलं असतंत तर! गेल्या वर्षी आमच्याकडे चाळीस कारखान्यांपैकी वीसांना पुरतील एवढीच बटणं होती. वाईट बघून दिली नाहीत, चिठ्ठ्या टाकल्या. वर्षाने बघितलं. चिठ्ठी निघाली तिथे तुटलेली बोटं तीन. नाही निघाली तिथे एकोणीस. उरलेल्या वीसांनाही आता बसवलीत."

"मग इथेही निम्म्यांवर खिळे, निम्म्यांवर बटणं लावून बघू," मालक म्हणाला.

"नाही." पट्टीताईच्या स्वतःच्याच कानांना तो आवाज ओळखीचा वाटला नाही. "माझ्या बहिणीच्या हातांवर आता काही बघायचं नाही. बघून झालंय. बारा वर्षं झालंय, या वहीत आहे." मग ती कामगारांकडे वळली. "मीसुद्धा खिळ्याला हात लावला होता. भीती वाटली की माणूस काहीही धरतो. धरा, पण धरण्याआधी विचारा: हे केलं नसतं तर काय झालं असतं? कुणी चमत्कार दाखवला तर ज्यांना तो मिळाला नाही त्यांचं काय झालं, तेही दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर पाना उचला आणि जाळी बसवा."

धाकटी आधीच उठली होती. तिने फोरमनच्या खिशातून पाना ओढून घेतला, "द्या इकडे," म्हणाली, आणि शेडकडे गेली. तिच्यामागे खिळेवाल्या यंत्रांवरचे आणखी तिघे गेले. थोड्या वेळाने आतून जाळीचे बोल्ट कसल्याचा कर्रकर्र आवाज आला.

बाबा मागच्या दाराने गेला. पाच खिळ्यांची पाकिटं त्याच्याकडेच राहिली. मालकाने महिन्याभरात चोवीस यंत्रांना बटणं बसवली आणि वर्षभर त्या खर्चाबद्दल कुरकुरला. फोरमनची शाबासकी गेली. मोजणीबाईने आपल्याच कार्यालयाची शिकवणी निरुपयोगी असल्याचं अहवालात लिहिलं, आणि साहेब तिच्याशी दोन महिने बोलले नाहीत. धाकटीचे दिवसाचे तीनशे नग बुडाले. पाकिटांतले पैसे मालकाचे, बटणांचेही मालकाचे. पण बाबाच्या त्या तीन महिन्यांची खरी किंमत यांच्यापैकी कुणीच चुकती केली नाही. ती मौनीने भरली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी.